सव्वा महिन्याच्या आतली एक तारीख

तुमच्या घरात, भावकीत किंवा शेजारी एखादं बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल, त्याला काही दिवस पेटीत ठेवावं लागलं असेल, तर हा लेख शेवटपर्यंत वाचा. जमल्यास त्या बाळाच्या आजीलाही वाचून दाखवा. अशा बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची पहिली तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हावी लागते. आणि आपल्याकडे, कोरेगाव असो, खटाव असो की तासगाव, बाळ-बाळंतीण सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पडत नाहीत. ती तारीख नेमकी या सव्वा महिन्याच्या आत येते. ती चुकली की कधी कधी दृष्टी कायमची जाते आणि मग पुण्या-मुंबईचे मोठे डॉक्टरही फार काही करू शकत नाहीत.

या आजाराचं नाव रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी. दवाखान्यात सगळे त्याला आरओपी म्हणतात. वेळेत सापडला तर बहुतेक बाळांची दृष्टी वाचवता येते.

डोळ्यात नेमकं काय घडतं

आपल्या डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक नाजूक पडदा असतो, त्यालाच रेटिना किंवा दृष्टिपटल म्हणतात. त्याला रक्त पुरवणाऱ्या नलिका गर्भाच्या साधारण सोळाव्या आठवड्यापासून वाढायला लागतात. डोळ्याची नस जिथून आत येते तिथून त्या निघतात आणि पडद्याच्या कडेकडे सरकत जातात. नाकाकडची कड त्या छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास गाठतात, कानाकडची कड गाठायला जवळजवळ पूर्ण चाळीस आठवडे लागतात. पाटाचं पाणी मुखाकडच्या रानाला आधी मिळतं आणि टेलच्या शेतकऱ्याला सगळ्यात शेवटी, तसंच हे आहे. बाळ तिसाव्या आठवड्यात जन्मलं तर त्याच्या पडद्याचं टेल तेव्हा कोरडंच असतं.

आईच्या पोटात बाळाला मिळणारा ऑक्सिजन कमी असतो आणि या नलिकांच्या वाढीला तेच वातावरण मानवतं. जन्म होताच बाळ हवेत येतं, त्यात फुप्फुसं कच्ची म्हणून वरून ऑक्सिजनही द्यावा लागतो. ऑक्सिजन भरपूर झाला की नलिकांची वाढ थांबते. हा पहिला टप्पा. पुढे काही आठवड्यांनी पडदा मोठा होतो, त्याची गरज वाढते, पण कडेला रक्त पोचलेलं नसतं. भुकेला पडदा मग व्हीईजीएफ नावाचं प्रथिन मोठ्या प्रमाणात सोडतो आणि त्याच्या जोरावर नव्या नलिका वेड्यावाकड्या फुटू लागतात. हा दुसरा टप्पा. या नलिका कमकुवत असतात, त्या झिरपतात, त्यांच्याभोवती वण तयार होतात आणि ते वण आकसताना पडद्याला ओढून जागेवरून सोडवतात. पडदा पूर्ण सुटला की दृष्टी गेली.

जन्मानंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत तपासलं तर बहुतेक बाळांच्या डोळ्यात अजून काही दिसत नाही. दोन-अडीच महिन्यांनी तपासलं तर काही बाळांच्या बाबतीत वेळ निघून गेलेली असते. उपचाराचा काळ या दोन्हींच्या मधे, थोड्याच आठवड्यांचा असतो. तारखेवर एवढा जोर त्यासाठीच आहे.

आणखी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी मनात पक्की करावी. या सगळ्या काळात बाळाचे डोळे बाहेरून अगदी निरोगी दिसतात. लाल होत नाहीत, चिकटत नाहीत, पाणी येत नाही. बाळ दिव्याकडे बघतंय म्हणून डोळे चांगले आहेत, हा अंदाज इथे चालत नाही. बाहुलीत पांढरट झाक दिसेपर्यंत पडदा बहुधा सुटलेला असतो.

ऐंशी वर्षांच्या संशोधनातून काय हाती आलं

हा आजार पहिल्यांदा १९४२ मध्ये बोस्टनच्या थिओडोर टेरी या नेत्रतज्ज्ञांनी नोंदवला. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे दहा हजार बाळं यामुळे आंधळी झाली. विशेष म्हणजे हा आजार जास्त दिसत होता तो सुसज्ज रुग्णालयांत. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी बोट ठेवलं ते मोकळ्या हाताने दिल्या जाणाऱ्या ऑक्सिजनवर. १९५३-५४ मध्ये अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांनी एकत्र येऊन अभ्यास केला आणि ही शंका खरी ठरली. लंडनमध्ये नॉर्मन ॲश्टन यांनी मांजरीच्या पिल्लांच्या डोळ्यांत नलिका कशा बंद पडतात ते दाखवलं.

मग सगळीकडे ऑक्सिजनवर कात्री चालली. अंधत्व कमी झालं, पण श्वासाअभावी दगावणारी बाळं वाढली. हा तोल आजही नाजूक आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत २४ ते २७ आठवड्यांच्या बाळांचे दोन गट केले होते. ज्यांच्या रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण ८५ ते ८९ टक्के ठेवलं त्यांच्यात गंभीर आरओपी ८.६ टक्के होता, ९१ ते ९५ टक्के ठेवलेल्यांत १७.९ टक्के. पण पहिल्या गटात १९.९ टक्के बाळं दगावली, दुसऱ्यात १६.२ टक्के. तेव्हा पालकांनी ऑक्सिजनला शत्रू समजू नये. ‘डोळे जातील, नळी काढा’ असा आग्रह कधीही धरू नका. जीव आधी. ऑक्सिजन मोजून दिला जातोय ना, एवढं मात्र जरूर विचारा.

पुढचा धागा वजनाचा. बोस्टनच्या लोइस स्मिथ आणि स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या ॲन हेलस्ट्रोम यांनी दाखवून दिलं की आयजीएफ-१ नावाचं वाढीचं द्रव्य बाळाच्या रक्तात कमी असेल तर पडद्याच्या नलिका नीट वाढत नाहीत. आणि ज्या बाळाचं वजन पहिल्या आठवड्यांत वाढत नाही, त्याच्यात हे द्रव्यही बहुधा कमी असतं. दर आठवड्याचं वजन बघून धोका ओळखण्याची पद्धत त्यांनी यावरच उभी केली. २०२१ मध्ये स्वीडनमधल्याच एका चाचणीत नळीवाटे दोन विशिष्ट स्निग्धाम्लं दिलेल्या अतिकमी दिवसांच्या बाळांमध्ये गंभीर आरओपी जवळपास निम्म्याने कमी आढळला. ही रुग्णालयातली, मोजून दिलेली मात्रा होती. हे वाचून घरच्या घरी बाळाला कुठलं तेल किंवा कॅप्सूल फोडून देऊ नका.

परदेशातली मोजपट्टी आपल्याला लागू नाही

मोबाइलवर शोधाशोध केली की तुम्हाला अमेरिकेचे निकष सापडतील: दीड किलो किंवा त्याहून कमी वजन, नाहीतर तीस आठवडे किंवा त्याआधीचा जन्म. ते वाचून ‘आमचं तर पावणेदोन किलोचं होतं, आम्हाला गरज नाही’ असं समजू नका. आपल्याकडे यापेक्षा वजनदार आणि जास्त दिवसांच्या बाळांनाही गंभीर आरओपी होतो. ऑक्सिजन हवेत नीट मिसळून आणि मोजून देण्याची सोय सगळीकडे सारखी नसणं आणि जंतुसंसर्ग, ही त्यामागची मोठी कारणं आहेत.

म्हणून भारतातले निकष वेगळे आहेत. कागदावर लिहून घ्या:

पहिला, जन्मवेळी वजन २००० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तपासणी करायचीच.

दुसरा, जन्म ३४ आठवड्यांच्या आधी झाला असेल, म्हणजे आठवा महिना सरण्याआधीच बाळ आलं असेल, तर वजन कितीही असो, तपासणी करायचीच.

तिसरा, ३४ ते ३६ आठवड्यांचं बाळ असेल आणि त्याला बरेच दिवस ऑक्सिजन लागला असेल, रक्त चढवलं असेल, रक्तात जंतुसंसर्ग झाला असेल, श्वास मधेच थांबत असेल, जुळं-तिळं असेल किंवा वजन वाढत नसेल, तर डॉक्टरांना स्वतःहून विचारायचं.

पहिली तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत. बाळ २८ आठवड्यांच्या आधीचं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं असेल तर आणखी लवकर, दोन ते तीन आठवड्यांच्या दरम्यान. हे दिवस मोजायचे जन्मतारखेपासून. घरी सोडल्याच्या तारखेपासून मोजण्याची चूक बरेच जण करतात. बाळ २५ दिवस पेटीत राहून घरी आलं असेल तर तुमच्या हातात पाचच दिवस उरलेले असतात.

जुळ्यांपैकी एकाचे डोळे चांगले निघाले म्हणून दुसऱ्याची तपासणी सोडू नका. दोन्ही बाळांची स्वतंत्र तपासणी लागते.

सव्वा महिना, माहेर आणि हरवलेलं कार्ड

बाळंतिणीला विश्रांती मिळावी, बाळाला बाहेरचा संसर्ग होऊ नये, यासाठी सव्वा महिन्याची रीत पडली. तिच्यामागची काळजी खरी आहे आणि ती मोडा असं सांगायचं कारण नाही. लस टोचायला, ताप आला तर दवाखान्यात आपण बाळाला नेतोच. डोळ्यांची तपासणी त्याच यादीत घाला. बाळाला नीट गुंडाळून, टोपी-मोजे घालून, आईच्या छातीशी धरून नेलं की झालं. घरातल्या मोठ्या बायकांनी हे मनावर घेतलं तर अर्धं काम झालं, कारण बाळाला बाहेर काढायचं की नाही हे बहुतेक घरांत त्याच ठरवतात.

दुसरी अडचण माहेरची. पहिलं बाळंतपण माहेरी. प्रसूती साताऱ्यात, रुग्णालयाच्या नोंदीत पत्ता सासरचा, फोन नंबर नवऱ्याचा, आणि बाळ-बाळंतीण कोरेगावच्या माहेरी. रुग्णालयाने आठवणीचा फोन केला तर तो ज्याला जातो, तो कामाला पुण्यात असतो. सासरच्या आशाताई दारावर जाऊन येतात, घरी कुणी नसतं. यावर उपाय साधा आहे. घरी सोडताना नोंदवहीत दोन नंबर लिहायला लावा, एक नवऱ्याचा आणि एक बाळ जिथे राहणार आहे त्या घरचा. माहेरच्या गावातल्या आशाताईंना पहिल्याच दिवशी निरोप द्या. नवजात बाळासाठी त्यांच्या घरभेटी ठरलेल्या असतात: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. एकविसाव्या दिवसाच्या भेटीत ‘डोळ्यांची तारीख कधी आहे?’ हा प्रश्न त्यांनी विचारावा आणि घरच्यांनीही त्यांना विचारू द्यावा.

ऊसतोडीच्या हंगामात आपल्या भागातल्या कारखान्यांवर बाहेरच्या जिल्ह्यांतून कुटुंबं येतात. त्यांच्यात एखादी बाई अपुऱ्या दिवसांत बाळंत झाली तर पंधरा दिवसांत टोळी पुढच्या फडावर गेलेली असते. मुकादमांनी, शेतमालकांनी, गावातल्या शिक्षकांनी अशा बाळाकडे लक्ष ठेवलं आणि त्याला तारखेला रुग्णालयात पोचवलं तर एका मुलाचं आयुष्य बदलेल.

घरी जाण्याआधी कार्डावर काय हवं

बाळाला सोडताना मिळणारं डिस्चार्ज कार्ड तिथेच, वॉर्डात उभं राहून वाचा. त्यावर चार गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात: बाळ किती आठवड्यांचं जन्मलं, जन्मवेळचं वजन किती ग्रॅम, ऑक्सिजन किती दिवस दिला, आणि आरओपी तपासणीची तारीख व ठिकाण. चौथी गोष्ट कोरी असेल तर सिस्टरना किंवा डॉक्टरांना लिहून द्यायला सांगा. ‘डोळे दाखवून घ्या’ एवढं मोघम वाक्य पुरत नाही. कधी, कुठे, कुणाकडे हे हवं.

हे मागताना संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे. चेन्नईच्या एका सरकारी रुग्णालयात १९९६ मध्ये जन्मलेल्या एका मुलीच्या पालकांना ही तपासणी करायला कुणी सांगितलंच नव्हतं. तिची दृष्टी गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हा निष्काळजीपणा ठरवला आणि सुमारे एक कोटी ऐंशी लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली. पण गेलेली दृष्टी भरपाईने परत आली नाही. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पश्चिम भारतातल्या अशाच अंध झालेल्या बाळांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातली खंत हीच आहे की अनेक बाळांना वेळेत तपासणीला कुणी पाठवलंच नव्हतं.

कुठे जायचं

कोरेगाव तालुक्यातल्या कुटुंबासाठी सगळ्यात जवळचं मोठं सरकारी ठिकाण म्हणजे साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय. बाळ तिथल्या नवजात शिशु कक्षात, म्हणजे एसएनसीयूत असेल तर तिथेच विचारा, ‘आरओपी बघणारे डॉक्टर कोणत्या वारी असतात?’ बाळ खासगी दवाखान्यात असेल तर तिथल्या बालरोगतज्ज्ञांकडून चिठ्ठी घ्या. कऱ्हाडचं कृष्णा रुग्णालय, मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, पुण्याचं ससून आणि एच. व्ही. देसाई ही आपल्या वाटेवरची मोठी ठिकाणं. निघण्याआधी फोन करून ‘आरओपीची तपासणी आज होते का?’ हा एकच प्रश्न विचारा. या तपासणीसाठी पडद्याच्या आजारांचे किंवा त्याचं खास प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर लागतात. चष्म्याचा नंबर काढणाऱ्या दुकानात किंवा साध्या डोळे तपासणी शिबिरात हे काम होत नाही.

खर्चाची चिंता असेल तर तीन नावं लक्षात ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरमध्ये सुरू झाला. ज्या तीस प्रकारच्या आजारांसाठी मुलांची तपासणी आणि मोफत उपचार त्यात ठरले आहेत, त्यांत आरओपी आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात मोफत उपचार आणि मोफत वाहन मिळतं, त्यासाठी १०२ क्रमांक आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का, हे त्या त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांकडून आधी विचारून घ्या. रेशन कार्ड, आधार आणि बाळाचं डिस्चार्ज कार्ड एकाच पिशवीत ठेवा.

तपासणीच्या दिवशी

काय होणार हे आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही.

पोचल्यावर बाळाच्या डोळ्यात बाहुली मोठी करणारे थेंब टाकतात. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा, गरज पडल्यास तिसऱ्यांदा. बाहुली पूर्ण उघडायला पाऊण तास ते तास जातो. तपासणीच्या आधी अर्धा-एक तास बाळाला पाजू नका, नाहीतर रडताना उलटी होऊन दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्या हिशोबाने थोडं आधीच पाजून घ्या. मग बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळतात, बधिर करणारा थेंब टाकतात आणि पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून तारेची एक छोटी चिमटी लावतात. डॉक्टरांच्या डोक्याला दिवा बांधलेला असतो, हातात जाड भिंग असतं. एका बारीक दांडीने डोळा हलकेच दाबून ते पडद्याची कड पाहतात, कारण आजार सुरू होतो तो कडेलाच. काही ठिकाणी कॅमेऱ्याने फोटो काढून दूरच्या तज्ज्ञांना पाठवतात. शेजारच्या कर्नाटकात २००८ पासून याच पद्धतीने तालुक्याच्या गावांतल्या बाळांची तपासणी होत आली आहे.

दोन्ही डोळ्यांचं काम काही मिनिटांत उरकतं. बाळ जोरात रडतं. चिमटीमुळे आणि गुंडाळण्यामुळे ते जास्त रडतं, इजा होत असते असं नाही. लगेच छातीशी घ्या, पाजा, ते शांत होतं. पापण्या थोडा वेळ लालसर राहतात आणि उजेडाचा त्रास होतो, म्हणून जाताना डोळ्यांवर सावली धरा. श्वासाचा किंवा हृदयाचा त्रास असलेलं बाळ असेल तर हे आधी सांगा, मग तपासणीला बालरोगतज्ज्ञ जवळ थांबतील.

कागदावरचे शब्द समजून घ्या

तपासणीनंतर कागदावर ‘झोन’ आणि ‘स्टेज’ असे शब्द येतील. झोन म्हणजे नलिका कुठपर्यंत पोचल्या आहेत. झोन १ म्हणजे अगदी मधेच थांबल्या आहेत, धोका जास्त. झोन ३ म्हणजे कडेपर्यंत थोडंच अंतर उरलंय. स्टेज म्हणजे आजाराची पायरी: १ आणि २ सौम्य, ३ मध्ये नव्या वेड्यावाकड्या नलिका, ४ मध्ये पडदा अर्धवट सुटलेला, ५ मध्ये पूर्ण सुटलेला. ‘प्लस’ लिहिलं असेल तर नलिका फुगून वळणं घेत आहेत, आजार जोरात आहे. ‘ॲग्रेसिव्ह’ असा शब्द दिसला तर एकही दिवस घालवू नका. तो प्रकार पायऱ्या चढत बसत नाही, काही दिवसांतच पडद्यावर घाला घालतो.

बऱ्याच बाळांचा आजार पहिल्या-दुसऱ्या पायरीवरून आपोआप ओसरतो. पण कुणाचा ओसरणार आणि कुणाचा वाढणार हे पुन्हा पुन्हा पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून एक-दोन आठवड्यांनी, कधी दोन-चार दिवसांनीही बोलावतात. ‘मागच्या वेळी ठीक आहे म्हणाले होते’ म्हणून पुढची फेरी टाळू नका. नलिका कडेपर्यंत पोचल्या, आता येऊ नका, असं डॉक्टरांनी स्वतः सांगेपर्यंत जात राहा. बाळाच्या पूर्ण दिवसांच्या मूळ तारखेपर्यंत, कधी त्यानंतरही हे चालतं.

उपचार सांगितले तर

डॉक्टर लेसर सांगतील किंवा डोळ्यात इंजेक्शन. दोन्हींत वेळ महत्त्वाचा. निर्णय झाल्यापासून दोन-तीन दिवसांत उपचार व्हावा लागतो. ‘घरी विचारून सांगतो’, ‘अमावास्या झाल्यावर बघू’ यात आठवडा जाऊ देऊ नका. शंका असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत जरूर घ्या, पण ते त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी.

लेसरने पडद्याच्या कडेचा, रक्त न पोचलेला भाग निष्क्रिय करतात. तो भाग व्हीईजीएफ सोडायचा थांबतो आणि वेड्या नलिका विरतात. कडेची थोडी नजर जाते, मधली महत्त्वाची नजर वाचते. आधी गोठवण्याचे उपचार होते, आता लेसरने त्यांची जागा घेतली आहे. इंजेक्शनमध्ये व्हीईजीएफलाच अडवणारं औषध असतं. २०११ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनंतर त्याचा वापर वाढला. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. इंजेक्शननंतर आजार दबतो, पण काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तो परत डोकं वर काढू शकतो. म्हणून इंजेक्शन घेतलेल्या बाळाच्या फेऱ्या लेसरवाल्या बाळापेक्षा जास्त काळ चालतात. दूरचं गाव, रोजंदारी, येण्या-जाण्याची अडचण असेल तर ती डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, त्यांच्या निर्णयात तिचा विचार होतो.

चौथ्या-पाचव्या पायरीवर शस्त्रक्रिया करावी लागते. चौथीत काही आशा असते, पाचवीत फार थोडी.

पेटीत असताना आई-वडिलांच्या हातात काय

बरंच काही. आईचं दूध जंतुसंसर्गापासून जपतं आणि वजन वाढवतं. बाळ ओढत नसेल तर पिळून काढून वाटी-चमच्याने किंवा नळीने देता येतं, सिस्टर शिकवतील. कांगारू पद्धतीने बाळाला उघड्या छातीशी धरा, वडिलांनी आणि आजीनेही. हात धुतल्याशिवाय बाळाला शिवू नका आणि शिवू देऊ नका. वजनाचा आकडा रोज विचारा आणि वहीत लिहा. ऑक्सिजन सुरू असताना बाळाच्या पायाला लावलेल्या यंत्रावर कोणता आकडा दिसतो आणि किती हवा, हे डॉक्टरांकडून समजून घ्या.

घरी आल्यावर डोळ्यात काजळ, सुरमा, मध, एरंडेल, अंगावरचं दूध यांतलं काहीही घालू नका. बाजारच्या काजळात शिसं असू शकतं. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल तर ती डोळ्यापासून दूर, तळपायाला लावा.

डोळे वाचले, पुढे काय

आरओपी झालेल्या किंवा नुसत्या अपुऱ्या दिवसांच्या मुलांमध्येही चष्म्याचा मोठा नंबर, तिरळेपणा, एक डोळा आळशी होणं हे जास्त आढळतं. सहा महिन्यांनी, वर्षाने आणि त्यानंतर शाळेत जाईपर्यंत दरवर्षी डोळे तपासून घ्या. वर्षाच्या मुलाला चष्मा सांगितला तर लावा. ‘एवढ्याशा पोराला चष्मा?’ असं म्हणणारे भेटतील, पण त्या वयात चष्मा टाळला तर मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकत नाही.

आणि दृष्टी गेलीच असेल तर? तरीही तज्ज्ञांना दाखवा, कारण उजेड-अंधार कळण्याइतकी किंवा थोडी नजरही पुढे उपयोगी पडते. जिल्ह्याच्या शीघ्र निदान व उपचार केंद्रात नाव नोंदवा, दिव्यांग प्रमाणपत्र काढा, बाळाशी सतत बोला, हाताला वेगवेगळे स्पर्श द्या. आईला दोष देऊ नका. अंध झालेल्या बाळाच्या आईला सगळ्यात जास्त सोसावं लागतं ते घरच्यांच्या बोलण्याने.

२०१० मध्ये जगात वीस हजार बाळं आरओपीमुळे पूर्ण किंवा जवळजवळ अंध झाली, असा अंदाज आहे. भारतात २०२० मध्ये सुमारे तीस लाख बाळं दिवस भरण्याआधी जन्मली. आरओपीमुळे अंध होणाऱ्या बाळांपैकी बहुतेकांची दृष्टी वाचवण्याइतकं ज्ञान आणि औषध आज आपल्याकडे आहे. ते साताऱ्यात आहे, कऱ्हाडात आहे, पुण्यात आहे. राहिलेलं काम घराचं आहे. ज्या घरात पेटीतून आलेलं बाळ आहे, त्या घरातल्या कुणीतरी आजच डिस्चार्ज कार्ड काढावं, जन्मतारखेत तीस दिवस मिळवावेत आणि ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल शाईने लिहून ठेवावी. तारीख उलटून गेली असेल तर उद्या सकाळची पहिली एसटी धरावी.